बेचाळीस डेसिबलचा मुका सर्व्हर

काकूंचं अख्खं भूगोलाचं पुस्तक एका दुपारी नाहीसं झालं. नद्या गेल्या, पर्वत गेले, वाऱ्यांचे प्रकार तर झाडून सगळे गेले. झालं होतं एवढंच, की जुना लॅपटॉप आधी कुरकुरला, मग काळा पडला, आणि त्यानंतर कितीही गोंजारलं तरी त्याने डोळा म्हणून उघडला नाही.

आता भूगोल लॅपटॉपमध्ये काय करत होता, ते आधी सांगायला हवं. ज्या मुलांना दिसत नाही त्यांच्यासाठी काकू शाळेची पुस्तकं मोठ्याने वाचतात. मागच्या छोट्या खोलीत जाड पडदे लावायचे, जुन्या गाद्या भिंतींना उभ्या टेकवायच्या आणि माइकसमोर बसून एकेक धडा रेकॉर्ड करायचा. मग तो मुलांच्या शाळेला जातो आणि मुलं ऐकून अभ्यास करतात. काकूंचं वाचन इतकं स्वच्छ, की त्यातला स्वल्पविरामसुद्धा ऐकू येतो. भूगोल संपत आला होता. शेवटचा धडा झाला की सगळं एकदमच पाठवू, म्हणून त्यांनी तो ठेवून दिला होता.

काकू रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. त्यांनी चहा केला. एकच कप केला, आणि तो खिडकीशी उभं राहून एकटीने प्यायला.

तो एक कप बघून मापकाका हादरले.

मापकाका म्हणजे काकूंचे यजमान. वजनमापे खात्यात निरीक्षक होते, आता निवृत्त आहेत, म्हणजे पूर्वी पगारी मोजत, आता बिनपगारी मोजतात. काकू वाचायला बसल्या की तेही मागे दारापाशी बसून धडा मन लावून ऐकतात. त्यांनी नोकरीत असंख्य तराजू तपासले आणि एकाही दुकानदाराचा चहा घेतला नाही. काका तराजूपुढे वाकले की समोरचा दुकानदार हटकून वर ट्यूबलाइटकडे बघायला लागे. काकांना वाटे, मनात खोट आहे, म्हणून नजर चुकवतोय. मग ते त्याचा तराजू दुप्पट बारकाईने तपासत आणि दुकानदार तितकाच जास्त वर बघे. ही ट्यूबलाइट लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडणार आहे.

"आता विज्ञानाचं वाचायचंय," काकू कप विसळत म्हणाल्या. "मुलांची परीक्षा तोंडावर आलीय. हेही असंच गेलं तर मी काय तोंड दाखवू त्यांना?"

"एक अक्षर हरवणार नाही," काका म्हणाले. "मी बघतो."

"तुम्ही बघता म्हणूनच काळजी वाटते."

काकांनी जावयाला फोन लावला. जावई संगणकातला माणूस, बोलायला सौम्य आणि सासऱ्यांच्या बाबतीत विशेष सौम्य. तो म्हणाला, "बाबा, घरात एक छोटा सर्व्हर ठेवा. आईंनी रेकॉर्ड केलं की त्याची प्रत आपोआप त्यात जाईल. आत दोन डिस्क ठेवायच्या. एक गेली तरी दुसरीत सगळं शाबूत."

सर्व्हर हे नाव ऐकून पुष्कळ लोक दचकतात, पण त्यात दचकण्यासारखं काही नाही. ज्याच्या हाती आपण सामान निर्धास्तपणे सोपवतो, जो दिवसरात्र जागा असतो, आणि मागितलं की लगेच काढून देतो, असा एखादा काका प्रत्येक कुटुंबात असतो. सर्व्हर म्हणजे तसा संगणक. फरक इतकाच, की काका थकले की झोपतात. सर्व्हर झोपत नाही, म्हणून तापतो. तापतो म्हणून त्याला पंखा लागतो. आणि पंखा आला की आवाज आला. या गोष्टीतलं सगळं दुःख या तीन वाक्यांत आहे.

कारण इंटरनेटची तार आली होती ती नेमकी त्या मागच्या खोलीत. सर्व्हर बसणार तिथेच, माइकच्या शेजारी.

"बसवा," काकू म्हणाल्या. "पण त्याने हूं की चूं केलं, तर मी विज्ञान वाचायला धाकटीकडे जाईन. तिच्याकडे शांत असतं."

धाकटी म्हणजे काकूंची बहीण. तिच्याकडे शांत असतं याचं कारण तिचे यजमान, म्हणजे आपल्या काकांचे साडू. साडू बोलत नाहीत. त्यांच्या घरातले ड्रॉवर हळूच बंद होतात, दारांना रबर लावलंय, आणि चमचा खाली पडला तरी तो संकोचून पडल्यासारखा वाटतो. लग्न झाल्यापासून काकांना हे साडू उदाहरण म्हणून दाखवले जात होते. बायको वाचायला साडूंच्या घरी जाणार, आणि तेही आपल्या घरात आवाज होतो म्हणून? काकांनी त्याच संध्याकाळी जुन्या संगणकांचं दुकान गाठलं.

तिथे एका बंद पडलेल्या कचेरीचा खराखुरा सर्व्हर होता. चपटा, लांबलचक, लोखंडी, दोघांनी उचलायचा. काकांना तो पाहताक्षणी आवडला, कारण तो वजनदार होता आणि वजनावर त्यांचा विश्वास होता.

"आवाज करतो का?" त्यांनी विचारलं.

"आत्ता कुठे करतोय?" दुकानदार म्हणाला. सर्व्हर बंद होता, त्यामुळे या उत्तरात खोटं काहीच नव्हतं.

घरी आणून बटण दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग खोलीत विमान उतरायला लागलं. टेबलावरचे कागद उडाले. खिडकीतली कबुतरं गेली ती बरेच दिवस परतली नाहीत. काकूंनी माइक पदराखाली घेतला, जसं वादळात लेकराला घ्यावं.

सगळ्यात आधी वर आले ते खालच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनड्रायव्हर. आयुष्यभर इंजिनाशेजारी बसून त्यांचे कान जवळजवळ गेले होते, पण तळवे शाबूत होते. कुठल्याही यंत्रापाशी गेले की ते आधी त्याच्यावर हात ठेवत आणि डोळे मिटत. त्यांनी सर्व्हरवर हात ठेवला. चेहरा उजळला.

"उत्तम धावतंय," ते मोठ्याने म्हणाले. "सोडायची केव्हा?"

त्यांच्या मागोमाग इमारतीचे सेक्रेटरी आले. सेक्रेटरींना नियम पाठ होते आणि जे नव्हते ते त्यांनी जागच्या जागी केले. "काका, घरगुती उपकरण असेल तर माझी हरकत नाही," ते कानांवर हात ठेवून म्हणाले. "पण यंत्रसामग्री असेल तर समितीची परवानगी लागेल. समिती येऊन ऐकेल, मग ठरवेल."

"समितीत कोण कोण आहे?"

"मी आणि ड्रायव्हरसाहेब."

"अहो, त्यांना ऐकू येत नाही."

"म्हणूनच ते निःपक्षपाती आहेत," सेक्रेटरी म्हणाले.

विमान दुकानात परत गेलं. जावई फोनवर म्हणाला, "बाबा, कचेरीतले सर्व्हर घरात आणायचे नसतात. त्यांचे पंखे इवलेसे असतात. लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलायला भलतं जोरात फिरावं लागतं, म्हणून तो किंचाळतो. मोठा पंखा सावकाश फिरतो, त्याचं काम हळूच होतं. उंच पेटीचा, मोठ्या पंख्यांचा बघा."

हे काकांना पटलं. लहान नातवंड आणि आजोबा एकाच वेगाने बागेत चालले तर पावलं कुणाची जास्त वाजतात, हे त्यांनी पाहिलेलं होतं. त्यांनी उंच पेटीचा आणला. सुरू केला. काकू म्हणाल्या, "हा बरा आहे की. ऐकूच येत नाही."

दुसरा कुणी असता तर इथेच थांबला असता आणि ही गोष्टही संपली असती. पण मापकाकांच्या आयुष्यात 'बरा आहे की' या वजनाला मान्यता नव्हती. त्यांनी फोनमध्ये आवाज मोजायची सोय घेतली होती. ते सर्व्हरसमोर वाकले, फोन धरला, डोळे आकड्यावर रोवले. आकडा बेचाळीसवर जाऊन स्थिरावला. बेचाळीस डेसिबल.

"अगं, बेचाळीस आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "शांत खोलीत तीसच्या आत पाहिजे."

"मला ऐकू येत नाहीये म्हटलं ना."

"कान हे प्रमाणित उपकरण नाही."

जावयानेही हेच सांगून पाहिलं. "बाबा, तो फोन बाजूला ठेवा ना. आईंना चालतंय तर झालं."

"जावईबापू," काका म्हणाले, "गिऱ्हाइकाला चालतंय म्हणून मी कधी खोटं वजन पास केलं नाही."

पलीकडे काही वेळ शांतता होती. ती मोजता आली असती तर तीसच्या आत भरली असती.

मग उपाय सुरू झाले. पेटीखाली रबराचे तुकडे लावले. बेचाळीस. रबराखाली गादी घातली. बेचाळीस. ड्रायव्हरसाहेबांनी वर येऊन पेटीला तळवा लावला आणि वंगण घाला म्हणाले. सेक्रेटरींनी पेटीचं तोंड भिंतीकडे करायला सांगितलं, म्हणजे निदान इमारतीकडे पाठ होईल. बेचाळीस.

शेवटी काकांनी सर्व्हर कपड्यांच्या कपाटात ठेवला आणि दार लावलं. सर्व्हरला हवा हवी असते. ती मिळाली नाही की तो स्वतः तापतो आणि आजूबाजूच्यांनाही तापवतो. संध्याकाळी काकूंनी कपाट उघडलं तर आतल्या शाली भाजल्यासारख्या ऊन होत्या आणि काकांची टोपी आकसून बाहुलीच्या मापाची झाली होती. हवा दमट होती, कपडे वाळत नव्हते. ही बातमी जिन्यातून फिरली आणि ड्रायव्हरसाहेब ओले मोजे घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींचा टॉवेल आला. तिसऱ्या दिवशी काकांना स्वतःच्या कपाटात शर्ट ठेवायला जागा नव्हती, आणि सर्व्हर इतका तापला की आपला आपण बंद पडला. मोजे मात्र छान वाळले होते.

"विज्ञानाचा एकही धडा झाला नाही," काकू म्हणाल्या. "तुम्ही सारखे त्या खोलीत. मी वाचू कधी? मी धाकटीला फोन करते."

"दोन दिवस दे," काका म्हणाले. आवाज खाली गेला होता. "फक्त दोन दिवस. मग जा म्हणालीस तर तुझी पिशवी मी स्वतः नेऊन देईन साडूंकडे."

ही फार मोठी बोली होती. काकूंनी ती मान्य केली.

या वेळी काकांनी जावयाचं सगळं ऐकलं. पंखाच नसलेला सर्व्हर आणायचा. तो लहान असतो, पुस्तकाएवढा, आणि त्याच्या अंगावर बाहेरून धातूच्या फासळ्या असतात. आतली ऊब त्या फासळ्यांतून हवेत निघून जाते. डिस्कसुद्धा फिरणाऱ्या नकोत, न फिरणाऱ्या घ्यायच्या. मग त्या पेटीत हलणारं असं काहीच उरत नाही. आणि जे हलत नाही ते वाजत नाही.

तो मुका सर्व्हर आला. काकांनी तो टेबलावर ठेवला, कोपऱ्याला समांतर केला, फोन काढला, वाकले, श्वास आवरला आणि आकड्याकडे बघत राहिले.

बेचाळीस.

काका खाली बसले. त्यांना घाम फुटला. हलणारं काही नाही आणि तरी बेचाळीस? मग हे बेचाळीस घरात दुसरीकडे कुठेतरी होतं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. बेचाळीस. फ्रिज बंद केला. बेचाळीस, शिवाय दूध नासलं. नळाला फडकं बांधलं. शेजारच्यांना सांगून त्यांचा शिवणाचा उद्योग थांबवला. सेक्रेटरींना विनंती करून पाण्याचा पंप बंद ठेवला, त्यामुळे इमारतीला पाणी नाही. वरच्या मजल्यावरचे साबण लावलेल्या अवस्थेत दारात येऊन उभे राहिले, तर काकांनी त्यांना ओठांवर बोट ठेवून गप्प राहायला सांगितलं.

इमारतीचं पाणी बंद झाल्यावर समिती आलीच. सेक्रेटरी आणि ड्रायव्हरसाहेब मागच्या खोलीत गादीला टेकून बसले. काकू माइकशी, कानाला हेडफोन. काका मध्ये उभे.

"समितीसमोर मोजतो," काका म्हणाले. "कुणी हलू नका."

ते वाकले. डोळे आकड्यावर. खोलीत कुणी हललं नाही. सेक्रेटरींनी मात्र दोनदा वर ट्यूबलाइटकडे पाहिलं.

"बघा," काका म्हणाले. "बेचाळीस. पंखा नाही, काही नाही, तरी बेचाळीस. पेटीच सदोष आहे."

सेक्रेटरींनी खाली वाकून एक वायर उचलली. तिच्या टोकाला प्लग होता आणि तो प्लग कशातच नव्हता. "काका, हा कशाचा?"

काकांनी प्लगकडे पाहिलं. मग वायरच्या दुसऱ्या टोकाकडे. दुसरं टोक सर्व्हरला होतं.

"म्हणजे हा अजून सुरूच केलेला नाही," सेक्रेटरी म्हणाले. "समितीच्या नोंदीत काय लिहू? बंद यंत्र आवाज करतं?"

"दोष पेटीच्या बांधणीतच असणार," काका म्हणाले, पण त्यांचाच त्यांच्यावर विश्वास बसला नाही. "पुन्हा मोजतो."

ते पुन्हा वाकले. या वेळी ड्रायव्हरसाहेब उठले. त्यांनी डोळे मिटून सर्व्हरवर तळवा ठेवला आणि मान हलवली. टेबलावर ठेवला, मान हलवली. भिंतीवर, गादीवर, सेक्रेटरींच्या डोक्यावर. शेवटी हात चाचपत मापकाकांच्या पाठीवर आला आणि तिथेच थांबला. चेहरा उजळला.

"सापडलं," ते म्हणाले. "इंजिन इथे आहे. उत्तम धावतंय."

काका ताठ उभे राहिले. फोनवरचा आकडा सरसर खाली आला आणि अठ्ठावीसवर थांबला. काका गोंधळून पुन्हा त्यावर वाकले, नीट बघू लागले. आकडा वर चढला.

"अहो, तुम्ही गुणगुणता," काकू हेडफोन काढत म्हणाल्या. "कशात लक्ष घातलंत की ओठ मिटून सुरू होतं तुमचं. हूंऽऽऽ करून."

"मी?"

"लग्न झाल्यापासून."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

काकांच्या डोळ्यांसमोरून सगळे दुकानदार गेले. एकामागोमाग एक, सगळे वर बघणारे. कुणाच्याही मनात खोट नव्हती. बिचारे ट्यूबलाइट वाजतेय का ते बघत होते.

सेक्रेटरींनी घसा साफ केला. "यंत्र घरगुती उपकरण आहे, त्याला परवानगी आहे," ते म्हणाले. "काकांचं समितीला वेगळं बघावं लागेल."

समितीला काही बघावं लागलं नाही. काकांनी स्वतःच निकाल दिला. दोष सापडला की ते माप बाजारातून उचलायचं, हा त्यांच्या खात्याचा नियम. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लग लावला, सर्व्हर सुरू केला, पिशवीत वर्तमानपत्र घातलं आणि काकू वाचायला बसायच्या आधी घराबाहेर पडले.

"कुठे चाललात?"

"साडूंकडे," ते म्हणाले. "तिकडे शांत असतं."

असं रोज सुरू झालं. काकू मोकळ्या घरात विज्ञान वाचत होत्या, मुका सर्व्हर प्रती ठेवत होता, आणि काका साडूंच्या दिवाणखान्यात हळू बंद होणाऱ्या ड्रॉवरांच्या सहवासात जीभ दातांखाली धरून बसत होते. साडू समोर बसून त्यांच्याकडे बघत. काही बोलत नसत. काकाही नसत. धाकटी आतून येऊन दोघंही आहेत ना एवढं बघून जाई.

विज्ञानाचे पहिले धडे शाळेला पोचले आणि तिथून फोन आला. दहावीच्या वर्गाची मॉनिटर होती. काकूंनी स्पीकर लावला. काका नुकतेच साडूंकडून परतून चपला काढत होते.

"काकू, रेकॉर्डिंग मिळालं. खूप स्वच्छ आहे," ती म्हणाली आणि अडखळली. "एक विचारू का? मागचे काका आहेत ना?"

"कोण मागचे काका?"

"तुमच्या मागे असतात ते. इतिहासात होते, गणितात तर खूप होते. हूं करणारे. या वेळी पहिल्या धड्यापासून नाहीत. वर्गात सगळे घाबरलेत, पण कुणी विचारायला तयार नव्हतं. मग मॉनिटर म्हणून मला पुढे केलं."

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका एका चपलेवर उभे होते.

"आहेत," काकू म्हणाल्या. "ठणठणीत आहेत. पण बाळा, तो आवाज तुम्हाला त्रासाचा नव्हता का?"

"नाही हो. ते असले की कळतं. सोप्या ठिकाणी ते हळू असतात. अवघड आलं की मोठे होतात. मग आम्ही सावरून बसतो, की आता नीट ऐकायला पाहिजे. गणितात प्रमेय यायच्या आधीच आम्हाला माहीत असायचं. आता विजेचा धडा आलाय आणि त्यात अवघड कुठे आहे तेच कळत नाहीये. परीक्षेपर्यंत येतील का ते?"

मापकाकांनी दुसरी चप्पल काढली, नीट जोडून ठेवली, आणि मग म्हणाले, "तिला सांग, येतील म्हणून."

विजेचा धडा पुन्हा वाचायचं ठरलं. काका मागच्या खोलीत दारापाशी खुर्ची टाकून बसले. स्वच्छ सदरा घातला होता. काकूंनी वाचायला सुरुवात केली आणि थांबल्या.

"अहो, गुणगुणा की."

"गुणगुणतोय."

"कुठे? काहीच येत नाहीये."

काकांनी ओठ मिटले, छाती फुगवली, सगळा जोर लावला. नुसतीच हवा निघाली. जन्मभर नकळत जमलेली गोष्ट आता मुलं वाट बघतायत म्हटल्यावर जमेना. ते लाल झाले, मग पांढरे झाले. घरातला सगळ्यात शांत सर्व्हर आता तेच होते. टेबलावरच्या पेटीलासुद्धा त्यांच्याकडून शिकण्यासारखं होतं.

"होत नाहीये गं," ते हताशपणे म्हणाले. "मुलांना काय सांगायचं?"

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या, त्यांचा फोन त्यांच्या हातात दिला आणि सर्व्हरकडे बोट दाखवलं.

"मला वाटतं, हा जरासा वाजायला लागलाय," त्या साळसूदपणे म्हणाल्या. "जरा मोजून बघता का? मला कानावर भरवसा नाही."

"वाजतोय?" काका चमकले. "कसा वाजेल? यात हलणारं काही नाही." ते टेबलाशी आले, फोन धरला, वाकले आणि डोळे आकड्यावर रोवले.

आकडा अठ्ठावीसवर होता. मग तो सावकाश हलला. तीस. पस्तीस. एकोणचाळीस.

बेचाळीसवर स्थिर झाला तसं काकूंनी पुस्तक उघडलं, माइक जवळ ओढला आणि विजेचा धडा पहिल्यापासून वाचायला घेतला.